जुन्या हॅम रिगला बदली व्हॉल्व्ह घ्यायच्या आधी

हॅम म्हणजे हौसेने वायरलेसवर बोलणारे, रिग म्हणजे त्यांचा रेडिओ सेट, आणि व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीची काचेची नळी. गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास एका मित्राचा फोन आला, "अरे माझ्या फायनल गेल्या रे, ६१४६ची जोडी कुठे मिळेल सांग ना." फायनल म्हणजे अँटेनाला पॉवर देणारे शेवटचे व्हॉल्व्ह, आणि ६१४६ हा त्यांचा नंबर. म्हटलं गेल्या हे तुला कळलं कसं? तर म्हणे आधी शंभर वॉट निघायचे, आता तीस पण निघत नाहीत. म्हटलं थांब, कोणाला पैसे पाठवू नकोस, रविवारी सेट घेऊन ये इकडे. त्याचा एचडब्ल्यू-१०१ हीथकिट, दोन फायनल ६१४६ आणि त्यांच्यामागे त्यांना सिग्नल पुरवणारा ड्रायव्हर ६सीएल६. कव्हर काढलं, सेट बंद ठेवून ड्रायव्हरच्या स्क्रीनचा (आतल्या दुसऱ्या जाळीचा) रेझिस्टर मोजला तर तो मूळ किमतीच्या जवळपास दुप्पट झालेला. जुने कार्बनचे रेझिस्टर उष्णतेने आणि दमट हवेने असे वर सरकतातच. तो बदलला आणि पॉवर परत आली. व्हॉल्व्ह तेच, जागचे हलवले पण नाहीत. हे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचं प्रकरण मी इतक्या वेळा बघितलंय की आता कोणीही व्हॉल्व्ह विचारला की आधी विचारतो, जुना गेला हे सिद्ध केलंस का?

म्हणून पहिलं काम तेच. बाजारात जायच्या आधी सेट उघडायचा.

पण त्याच्याही आधी एक, आणि हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. फायनलच्या प्लेटला, म्हणजे आतल्या धातूच्या पत्र्याला, सातआठशे व्होल्ट डीसी असतात आणि ते माणूस मारतात. सेट बंद करून प्लग भिंतीतून काढून बाजूला, सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा, पाच मिनिटं थांबायचं, मग मीटर लावून कपॅसिटर खरंच रिकामे झालेत का ते बघायचं, कारण ते रिकामे करणारा ब्लीडर रेझिस्टर पन्नास वर्षांचा आहे आणि तो उडालेला असू शकतो. चालू सेटमधे मोजायचंच असेल तर एक हात पाठीमागे, पायात चप्पल, आणि घरात कोणीतरी जागं पाहिजे. रात्री सगळे झोपल्यावर एकट्याने हे काम मी करत नाही आणि तुम्हीही करू नका.

आता व्हॉल्व्ह गेलाय का ते कसं ओळखायचं. सगळ्यात सोपं म्हणजे हीटर, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणारी आतली तार, मल्टिमीटर ओहमवर लावून दोन पिना तपासायच्या. ६१४६ला २ आणि ७, ईएल८४ला ४ आणि ५, सात पिनांच्या ६बीए६ला ३ आणि ४. उघडा आला, म्हणजे तार तुटलेली, की विषय संपला. काचेच्या आत आरशासारखा चकचकीत चंदेरी डाग असतो, त्याला गेटर म्हणतात, आत उरलेला वायू शोषून घ्यायला तो असतो. तो दुधासारखा पांढरा पडला म्हणजे आत हवा गेली, तो व्हॉल्व्ह टाकून द्या. कडेने तपकिरी झाला असेल तर चालतं. चालू असताना काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती काचेवरची असते, पण प्लेट आणि ग्रिडच्या (आतल्या जाळीच्या) मधल्या जागेत जांभळट गुलाबी धुकं दिसायला लागलं तर आत वायू झालाय, अशा व्हॉल्व्हला गॅसी म्हणतात. व्होल्टेज स्थिर ठेवणारा ०ए२ सारखा रेग्युलेटर मात्र मुळात वायूचाच असतो, तो जांभळा पेटलाच पाहिजे, पेटला नाही तर तिथे काहीतरी बिघडलंय आणि तुमचा व्हीएफओ (फ्रीक्वेन्सी ठरवणारा ऑसिलेटर) का सरकतोय त्याचं उत्तर तिथेच असू शकतं.

एक चाचणी मला फार आवडते, कारण व्हॉल्व्ह दोषी का त्याच्या मागचा कपॅसिटर दोषी हे ती दोन मिनिटात सांगते. ऑडिओ आउटपुटच्या ईएल८४ किंवा तशाच कॅथोड बायसवाल्या, म्हणजे ग्रिडला वेगळं निगेटिव्ह व्होल्टेज न देता कॅथोडच्या रेझिस्टरवरून बायस मिळणाऱ्या, व्हॉल्व्हला चालते. व्हॉल्व्ह काढायचा, सेट चालू करायचा, आणि ग्रिडच्या पिनेवर व्होल्टेज बघायचं, ईएल८४ला ती २ नंबरची. शून्य आलं पाहिजे. एखादा व्होल्ट जरी पॉझिटिव्ह दिसला तर आधीच्या स्टेजचा सिग्नल पुढे देणारा कपलिंग कपॅसिटर गळतोय, आणि अशा सॉकेटमधे तुम्ही दहा नवीन व्हॉल्व्ह घातले तरी दहाही लाल होऊन मरतील. रिकाम्या सॉकेटला शून्य आणि व्हॉल्व्ह घातल्यावर पॉझिटिव्ह, असं झालं तर मग व्हॉल्व्हच गॅसी. त्या काळचे मेण भरलेले कागदी कपॅसिटर अजून सेटमधे असतील तर मी विचारच करत नाही, सगळे बदलतो, मग व्हॉल्व्हकडे बघतो.

सॉकेट पण बघा राव. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की माळ्यावर ठेवलेल्या सेटच्या पिनांवर काळा थर चढतो. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पिना पुसून व्हॉल्व्ह चारपाच वेळा आतबाहेर केला की निम्मे "मेलेले" व्हॉल्व्ह जिवंत होतात.

समजा एवढं करून ठरलं की व्हॉल्व्ह खरंच गेलाय. आता नावाची भानगड. अमेरिकन नावातला पहिला आकडा हीटरचं व्होल्टेज सांगतो, ६ म्हणजे ६.३ व्होल्ट, १२ म्हणजे १२.६. युरोपियन नावात पहिलं अक्षर तेच काम करतं, ई म्हणजे ६.३ व्होल्ट, पी म्हणजे ३०० मिलिअँपिअरची सिरीज माळ (हीटर एकामागे एक जोडलेले), यू म्हणजे १०० मिलिअँपिअरची, डी म्हणजे बॅटरीवरचा. पुढची अक्षरं आतलं सांगतात, सी ट्रायोड (आत तीन भाग), एफ सिग्नलचा पेंटोड (पाच भाग), एल पॉवर पेंटोड, झेड फुलवेव्ह रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा), म्हणून ईसीसी म्हणजे ६.३ चा डबल ट्रायोड. एवढं डोक्यात बसलं की एकच व्हॉल्व्ह दोन नावांनी ओळखता येतो. ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७ (त्याचा हीटर ६.३ आणि १२.६ दोन्हीला जोडता येतो), ईएल८४ म्हणजे ६बीक्यू५, ईएफ९३ म्हणजे ६बीए६, ईके९० म्हणजे ६बीई६, ईबी९१ म्हणजे ६एएल५. मिलिटरी किंवा इंडस्ट्रियल माल वेगळ्याच चार आकडी नंबरने येतो, ५७४९ हा ६बीए६, ५७५० हा ६बीई६, ५६५४ हा ६एके५. ब्रिटिश लष्कराचा सीव्ही नंबर असतो, सीव्ही१२४ लिहिलेला जाडजूड व्हॉल्व्ह मिळाला तर तो ८०७ आहे, सोडू नका. ही नावं माहीत असली की दुकानदार "नाही हो, ६बीए६ नाही माझ्याकडे" म्हणतो तेव्हा त्याच्याच खोक्यात ईएफ९३ पडलेला तुम्हाला दिसतो.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. सॉकेटमधे बसला म्हणजे बदली झाला असं नसतं, आणि तक्त्यात "समान" लिहिलंय म्हणजे तुमच्या सेटमधे समान असेलच असंही नसतं. त्या सॉकेटला तिथे काय काम करून हवंय ते बघून व्हॉल्व्ह निवडायचा.

६बीए६ आणि ६एयू६ घ्या. पिना सारख्या, बसतो मस्त, रिसीव्हर वाजायलाही लागतो. पण ६बीए६ हा रिमोट कटऑफ, म्हणजे एजीसीचं (आवाज आपोआप सारखा ठेवणाऱ्या सर्किटचं) व्होल्टेज वाढत जाईल तसा गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, हळूहळू खाली येतो, आणि ६एयू६ शार्प कटऑफ, तो एकदम बंद होतो. आयएफला (रिसीव्हरच्या मधल्या फ्रीक्वेन्सीच्या स्टेजला) ६एयू६ घातलात तर लांबचे स्टेशन ठीक येतील पण शेजारच्या पेठेतला हॅम बोलायला लागला की आवाज फाटणार, आणि तुम्ही आठवडाभर एजीसीची लाइन तपासत बसणार. उलटं म्हणजे ६बीझेड६, त्याचा स्वभाव ६बीए६च्या जवळचा आहे, पण २ आणि ७ नंबरच्या पिनांवर कॅथोड आणि सप्रेसर ग्रिडची (तिसऱ्या जाळीची) अदलाबदल आहे, त्यामुळे सॉकेटवर या दोन पिना जोडलेल्या नसतील तर तो तसाच घालता येत नाही. ईसीसी८१, ८२, ८३ तिन्ही एकाच सॉकेटमधे बसतात आणि तिघांचं म्यू, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायची ताकद, अनुक्रमे ६०, १७ आणि १००. माइकच्या स्टेजला ८३ च्या जागी ८२ घातला तर समोरचा म्हणणार तुझा आवाज फार बारीक येतोय. रशियन ६एन२पी स्वस्त मिळतो आणि लोक त्याला ईसीसी८३ म्हणून खपवतात, आतून तो खरंच जवळचा आहे पण हीटरची वायरिंग वेगळी, सॉकेटवर बदल केल्याशिवाय घालायचा नाही.

हीटरचा करंट तर कोणी बघतच नाही. ५८१४ए हा १२एयू७चा दणकट भाऊ म्हणून विकतात, आणि आहेच तो दणकट, पण १२.६ व्होल्टला १५० च्या ऐवजी १७५ मिलिअँपिअर घेतो. पॅरलल हीटर असतील तर ट्रान्सफॉर्मरला थोडा जास्त लोड, फार काही नाही. सिरीजच्या माळेत मात्र सगळ्यांचं व्होल्टेज बिघडतं. रेक्टिफायरचंही तेच, ५वाय३ला हीटरसाठी २ अँपिअर लागतात आणि ५यू४ला ३, जागा तीच म्हणून ५यू४ ठोकला तर ट्रान्सफॉर्मर तापून वास यायला लागतो, आणि जुन्या सेटचा ट्रान्सफॉर्मर गेला तर तो व्हॉल्व्हसारखा विकत मिळत नाही हो.

आता फायनल, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात. ६१४६ आरसीएने १९५२ साली काढला, मग ६१४६ए आला, मग ६१४६बी, ज्याला ८२९८ए पण म्हणतात. साध्या ६१४६ची प्लेट हॅम वापरात २५ वॉट सहन करते, बी ३५. त्यामुळे सगळ्यांना वाटतं की बी म्हणजे सुधारलेला, डोळे झाकून घाला. पण बी आतून वेगळा आहे. कॉलिन्सच्या केडब्ल्यूएम-२ सारख्या सेटमधे, जो मूळ ६१४६वर ट्यून केलेला आहे, बी घातला की न्यूट्रलायझेशन (आउटपुट परत इनपुटला जाऊ नये म्हणून केलेली जुळणी) नीट बसत नाही आणि फायनल स्वतःच ऑसिलेट व्हायला लागते असा पुष्कळांचा अनुभव आहे. अशा सेटला साधा ६१४६ किंवा ए शोधा. डब्ल्यू लिहिलेला मिलिटरी माल मिळाला तर तारीख बघा, जुना डब्ल्यू ए सारखा असतो आणि साठच्या दशकाच्या मध्यानंतरचा बहुतेक बीच असतो. केनवुड टीएस-८३०एस, याएसू एफटी-१०१झेडडी यांना मुळातच बी लागतो. टीएस-५२०मधे एस२००१ छापलेला येतो, तो ६१४६बीच्याच घरातला, त्यामुळे बी चालतो पण न्यूट्रलायझेशन परत करावं लागतं.

आणि एफटी-१०१ आणि एफटी-१०१झेडडी यांच्यात गल्लत करू नका. नाव सारखं पण जुन्या एफटी-१०१, बी, ई वगैरेमधे ६जेएस६सी असतो, बारा पिनांचा, टीव्हीच्या हॉरिझॉन्टल आउटपुटसाठी बनवलेला, आणि ६१४६ त्यात बसतच नाही. त्यातही मूळ जपानी एनईसीचा काढून अमेरिकन ब्रँडचा घातलात तर न्यूट्रलायझेशनच्या सर्किटमधला एक फिक्स कपॅसिटर बदलावा लागतो, नाहीतर ट्रिमर (फिरवून जुळवायचा छोटा कपॅसिटर) कितीही फिरवा, जागा सापडत नाही. ड्रेक टीआर-४मधे ६जेबी६ तीन, तेही टीव्हीचेच. हे टीव्हीवाले व्हॉल्व्ह आता जगात कोणी बनवत नाही, म्हणून त्यांना जपायचं, ट्यून करताना कॅरिअर (आवाजाविना नुसता सिग्नल) दहा सेकंदांच्या वर ठेवायचा नाही, थांबायचं, गार होऊ द्यायचं, मग परत.

जोडी घेताना दोन्ही एकाच ब्रँडचे आणि एकाच प्रकारचे घ्या. एक ६१४६ए आणि एक ६१४६बी अशी जोडी लावू नका. जुन्याचा हीटर १.२५ अँपिअर घेतो आणि बीचा १.१२५, आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणाऱ्या रिगमधे दोन ६.३चे हीटर बहुतेक वेळा सिरीजमधे असतात. हिशोब करून बघा, बीला ६.६च्या आसपास व्होल्ट मिळणार आणि दुसऱ्याला जेमतेम ६. हीटरला दहा टक्के इकडेतिकडे चालतं असं म्हणतात पण पाच टक्क्यांत ठेवलं तर व्हॉल्व्ह खूप जास्त जगतो. यावरून आठवलं, आमच्याकडे नारायण पेठेत रात्री अकरानंतर मेन्सला २४५ व्होल्ट दिसतात, आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप २२० वर असेल तर सगळेच हीटर जास्त तापतात. टॅप २४० वर आहे का ते आजच बघा, त्याला काही खर्च नाही.

आर्मी डिस्पोजलमधून आलेला सेट असेल, म्हणजे वायरलेस सेट नंबर १९ वगैरे, किंवा कोणा जुन्या हॅमने घरी बांधलेला एएमचा ट्रान्समीटर असेल, तर पीएला (पॉवर अँप्लिफायरला, म्हणजे फायनलला) ८०७ असणार. ८०७ म्हणजे ६एल६च, प्लेट डोक्यावर काढलेली. हा आपल्याकडे अजून सापडतो, रशियन जी-८०७ पण चालतो. १६२५ नावाचा हुबेहूब दिसणारा मिळेल, तो १२.६ व्होल्टचा आणि सात पिनांचा, सॉकेट आणि हीटरची लाइन दोन्ही बदलायची तयारी असेल तरच घ्या.

कुठे शोधायचं? पुण्यात तापकीर गल्लीत आता जवळपास सगळं एलईडी आणि वायर झालंय, पण बुधवार पेठेतल्या आतल्या बोळात जुन्या रेडिओ रिपेरिंगवाल्यांकडे विचारायला हरकत नाही, त्यांच्या वरच्या फळीवर बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) ईएल८४, ईसीसी८३ खोक्यासकट असतात आणि बंगलोरच्या बीईएलचा माल ऑडिओला आणि रिसीव्हरला उत्तम आहे, तो परदेशी नाही म्हणून कमी समजू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोड. आणि रविवारी किंवा बुधवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार. तिथे सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत.

जुन्या बाजारातला एक प्रसंग सांगतो म्हणजे बघायचं कसं ते कळेल. जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर पितळी नळ, कुलुपं, मोबाइलचे चार्जर, आणि एका बिस्किटाच्या डब्यात पंधरावीस व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटत पडलेले. मी बसलो उकिडवा आणि एकेक काढायला लागलो. पहिला उन्हात धरला, गेटर पांढरा, बाजूला. दुसऱ्याचा गेटर छान चंदेरी पण कानाशी धरून हळू हलवला तर आत काहीतरी खुळखुळलं, तोही बाजूला. तिसरा ८०७, गेटर चकचकीत, आवाज नाही, पण काच दोन बोटांत धरून अगदी अलगद फिरवली तर बेसमधे फिरली, म्हणजे डिंक सुटलाय. असा व्हॉल्व्ह फिरवत राहिलं तर आतल्या तारा पीळ बसून एकमेकींना चिकटतात, म्हणून तिथेच थांबलो, पण हा घेण्यासारखा होता, चिकटवता येतो. मग पिना बघितल्या, सॉकेटच्या घासल्याच्या रेषा होत्या, म्हणजे वापरलेला. डोक्यावरची टोपी घट्ट. विचारलं, "काका, हा केवढ्याला?" ते म्हणाले, "घ्या की साहेब, एक नंबर आहे, रेडिओचाच आहे." म्हटलं, "चालतो का ते माहितीय का?" "ते आता तुम्ही लावून बघा." इथे हा एक प्रश्न विचारून घ्यायचाच, कारण त्यांनी खरं सांगितलं की भाव पण खराच लागतो. मी खिशातून मीटर काढून हीटर तपासला, लागला, घेतला. आज तो माझ्या एएमच्या ट्रान्समीटरमधे चालतोय.

एक चूक मात्र करू नका, मळलेला व्हॉल्व्ह बघून लागलीच स्पिरिटने पुसायला जाऊ नका, काचेवरचा छापा पुसला जातो आणि मग तो कोण आहे हे कायमचं कळेनासं होतं. नंबर सोडून बाकीची काच पुसा.

ऑनलाइन घेताना जास्त जपून. मी एकदा एका विक्रेत्याकडून "मॅच्ड पेअर, न वापरलेली" म्हणून ६१४६बीची जोडी मागवली. खोकी नवीकोरी, छापा झकास. दोन्ही कॅथोडला तात्पुरता एकेक ओहमचा रेझिस्टर टाकला, असं केलं की जेवढे मिलिव्होल्ट दिसतात तेवढेच मिलिअँपिअर, हिशोब नको. सारख्याच बायसला एक ३८ घेत होता आणि दुसरा २२. एकूण ६० बरोबर येत होते म्हणून पॅनेलवरच्या मीटरने हे कधीच कळलं नसतं, आणि बोलताना सगळा भार पहिल्यानेच उचलला असता. दोन्ही नीट शेजारीशेजारी धरले तर आतल्या प्लेटची बांधणीच वेगळी होती, म्हणजे वेगवेगळ्या कारखान्यांचे दोन व्हॉल्व्ह घेऊन वरून एकच छापा मारलेला. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. तेव्हापासून मी फोटो मागवताना दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र, छापा नसलेल्या बाजूने, आतली प्लेट आणि तिला धरणारा मायकाचा आधार दिसेल असा मागतो. आणि टेस्टरवर "गुड" आला म्हणून सांगितलं तर कुठला टेस्टर ते विचारतो, कारण साधा एमिशन टेस्टर व्हॉल्व्हला डायोडसारखा मोजतो, ग्रिडने काम करतोय का ते त्याला कळत नाही. म्युच्युअल कंडक्टन्स (ग्रिडच्या व्होल्टेजने प्लेटचा करंट किती बदलतो ते) मोजणारा असेल तर त्या आकड्याला अर्थ आहे. तरीही शेवटचा टेस्टर तुमचा सेटच.

पैसे कुठे वाचवायचे तेही सांगतो. ईसीसी८३, ईएल८४ यांच्यामागे गिटारवाले आणि हायफायवाले लागलेत, जुन्या म्युलार्ड, टेलिफुंकनला वाट्टेल तो भाव येतो. आपल्याला कम्युनिकेशनला तीन किलोहर्ट्झचा आवाज पुरतो, तिथे आजही बनणारा साधा नवीन व्हॉल्व्ह लावा. उलट ६बीए६, ६बीई६, ६एएल५ यांना ऑडिओवाले हात लावत नाहीत म्हणून ते स्वस्त आहेत, चारपाच घेऊन ठेवा. १२बीवाय७ए मात्र दिसेल तेव्हा उचला, टीएस-५२० आणि एफटी-१०१ दोन्हीत ड्रायव्हर तोच, आणि तो थकला की आधी २८ मेगाहर्ट्झवर ड्राइव्ह कमी पडतो, ४० मीटरवर सगळं ठीक वाटतं, आणि लोक परत फायनललाच दोष देतात.

व्हीएफओचा व्हॉल्व्ह चालत असेल तर हात लावू नका. बदललाच तर आतली कपॅसिटी थोडी वेगळी असते आणि डायलवरचे आकडे सरकतात, त्यामुळे चारपाचातून निवडायचा, प्रत्येक अर्धा तास तापू द्यायचा, कमीत कमी सरकतो तो ठेवायचा, आणि डायल परत लावायचा.

फायनल बसवायची वेळ आली की घाई नको. वर्षानुवर्षं खोक्यात पडलेला व्हॉल्व्ह आधी नुसत्या हीटरवर काही तास चालू ठेवा, स्क्रीन आणि प्लेटला व्होल्टेज न देता. टीएस-५२०ला मागे स्क्रीन ग्रिडचा स्विच आहे, तो बंद ठेवला तरी प्लेटला व्होल्टेज असतंच हे विसरू नका. मग बायस, म्हणजे ग्रिडच्या निगेटिव्ह व्होल्टेजने सिग्नल नसतानाचा करंट ठरवायचा, माझ्या टीएस-५२०ला ६० मिलिअँपिअर, तुमच्या सेटचं मॅन्युअल सांगेल ते. व्हॉल्व्ह बसवण्याआधी बायसचा पॉट सगळ्यात जास्त निगेटिव्हकडे फिरवून ठेवायचा आणि मग हळूहळू वर आणायचा. सेट केल्यावर दहा मिनिटं काटा बघत बसा. ६०चे ६५, ७० असं आपोआप चढत गेला तर बंद करा, व्हॉल्व्ह गॅसी आहे, बायस खाली ओढून त्याला चालवू नका.

मग न्यूट्रलायझेशन, जे निम्मे लोक सोडून देतात. डमी लोड (पॉवर पचवणारा मोठा रेझिस्टर) लावायचा, अँटेना नाही. सगळ्यात वरचा बँड, २८ मेगाहर्ट्झ, ड्राइव्ह कमी. आता प्लेटचा नॉब अगदी सावकाश फिरवायचा आणि दोन मीटरकडे बघायचं, प्लेट करंट आणि वॉट. प्लेट करंट खाली बुडतो तिथेच वॉटचा काटा सगळ्यात वर पाहिजे. माझ्या सेटला नवीन जोडी घातल्यावर करंट एका जागी बुडायचा आणि वॉट त्याच्या पुढे, नॉबवर जवळपास एका रेघेइतकं पुढे गेल्यावर, वर जायचे. असं असलं की व्हॉल्व्ह थोडा स्वतःच्याच आउटपुटवर नाचतोय. आतला ट्रिमर फिरवायला धातूचा स्क्रूड्रायव्हर अजिबात नको, मी आईची विणकामाची जुनी प्लास्टिकची सुई घेतली, टोक कानशीने घासून चपटं केलं, लांब आहे म्हणून हात एचटीपासून (प्लेटच्या हाय व्होल्टेजपासून) दूर राहतो. ट्रिमर केसभर फिरवायचा, हात बाहेर काढायचा, कॅरिअर द्यायचा, बघायचं, बंद करायचं, परत केसभर. त्या दिवशी मला पाऊण तास लागला. शेवटी दोन्ही काटे एकाच जागी आले, करंट खाली आणि वॉट वर, नॉब कुठल्याही बाजूला हलवला तरी दोन्ही बरोबर हलतात. मग खालचे बँड तपासले, सगळे शांत.

काढलेली जुनी जोडी फेकू नका. खोक्यावर पेन्सिलीने तारीख, कुठल्या सेटमधून काढली आणि शेवटी किती वॉट देत होती ते लिहा. साठ वॉट देणारी जोडी उद्या नवीन सेट दुरुस्त करताना पहिल्यांदा पॉवर द्यायला लागते, नवी जोडी त्या कामाला लावायची नाही.